एलएमएसमधलं फाइल अपलोड सुरक्षित करायचं, पण कुठल्या क्रमाने?

"आम्ही तर फक्त पीडीएफ आणि जेपीजी घेतो, मग सर्व्हरवर वेब शेल (ब्राउझरमधून सर्व्हरवर हव्या त्या कमांड चालवू देणारी घुसखोर स्क्रिप्ट) आली कुठून?" हा प्रश्न कॉलेजचं एलएमएस, म्हणजे ऑनलाइन कोर्स आणि असाइनमेंटची साइट, सांभाळणाऱ्या लोकांकडून इतक्यांदा येतो की एकदाच नीट लिहून टाकतो. कोड उघडून बघितला की बहुतेक वेळा चित्र तेच असतं. सगळी मेहनत फाइल ओळखण्यावर गेलेली असते, आणि ओळखायला चुकलो तर पुढे काय, याचा कुणी विचारच केलेला नसतो. ओळखण्यात कधी ना कधी चूक होणारच. म्हणून खालचा क्रम मोडू नका: आधी अशी व्यवस्था की कसलीही फाइल आली तरी ती सर्व्हरवर चालणार नाही, मग कोण पाठवतंय, मग काय पाठवतंय, आणि शेवटी ती दुसऱ्याला कशी उघडून द्यायची.

उदाहरणं मूडल आणि चामिलो ही तयार एलएमएस आणि घरी लिहिलेल्या पीएचपी पोर्टलची घेतोय कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच चालतं. डॉटनेट किंवा जावावाल्यांनी फाइलांची नावं बदलून वाचा, क्रम तोच.

## तयारी: अपलोडची दारं मोजा

कोडला हात लावायच्या आधी एक एक्सेल शीट उघडा आणि तुमच्या एलएमएसमधे फाइल आत येते ती प्रत्येक जागा लिहा. लोक असाइनमेंट लिहितात आणि थांबतात. मूडलचंच घ्या: असाइनमेंट, फोरमची अटॅचमेंट, प्रोफाइल फोटो, प्रायव्हेट फाइल्स, क्विझमधल्या निबंध प्रश्नाला जोडलेली फाइल, एडिटरमधे ड्रॅग करून टाकलेलं चित्र, स्कॉर्म पॅकेज (तयार धड्याची झिप), एच५पी (इंटरअ‍ॅक्टिव्ह धडे), प्रश्नसंच इम्पोर्ट, कोर्स रिस्टोअरची एमबीझेड (बॅकअप) फाइल, विद्यार्थ्यांची सीएसव्ही यादी, आणि सगळ्यात धोकादायक म्हणजे अ‍ॅडमिनने प्लगइनची झिप चढवायचं पान. घरच्या पोर्टलमधे यात अ‍ॅडमिशन फॉर्म येतो, जो लॉगिन नसताना कोणीही भरू शकतो आणि ज्यात फोटो, सही, मार्कशीट अशा तीन-तीन फाइल घेतात.

प्रत्येक दारासमोर चार गोष्टी लिहा: कुठल्या रोलला परवानगी आहे, कुठले प्रकार खरंच लागतात, फाइल डिस्कवर कुठे जाते, आणि नंतर ती कोण उघडतं. चौथा कॉलम लोक सोडून देतात, पण हल्ला बऱ्याचदा तिथेच लागू होतो कारण विद्यार्थ्याने टाकलेली फाइल उघडणारा माणूस शिक्षक किंवा अ‍ॅडमिन असतो.

याशिवाय चालू साइटची हुबेहूब टेस्ट कॉपी, पूर्ण बॅकअप, आणि सर्व्हर तुमचा नसेल तर टेस्टिंगची लेखी परवानगी.

सावधान: खाली दिलेल्या चाचण्या टेस्ट कॉपीवरच करायच्या. टेस्टची फाइल चालू साइटवर राहून गेली तर ती कुणाला तरी सापडतेच.

## १. फाइल ठेवायची जागा वेबच्या बाहेर न्या

अपलोड झालेली फाइल वेब रूटच्या आत, म्हणजे ज्या फोल्डरमधलं सगळं ब्राउझरमधून मागता येतं त्यात, असता कामा नये. पब्लिक एचटीएमएलच्या आत अपलोड्स नावाचा फोल्डर केला आणि त्यात सगळं टाकलं, ही सवय पीएचपीच्या जुन्या ट्युटोरिअलमधून आलीय आणि अजून गेली नाही. फोल्डर वेब रूटमधे असला की ब्राउझरने पत्ता टाकायचा अवकाश, सर्व्हर ती फाइल उघडणार आणि पीएचपी असेल तर चालवणार.

मूडलमधे हे मुळातच वेगळं केलेलं आहे. फाइली मूडलडेटा नावाच्या फोल्डरमधे जातात, मजकुराच्या शा-१ हॅशच्या (मजकुरावरून काढलेल्या ठशाच्या) नावाने साठवल्या जातात, एक्सटेंशन नसतंच, आणि बाहेर द्यायचं काम प्लगइनफाइल नावाची स्क्रिप्ट करते. इतकं सगळं तयार असूनही शेअर्ड होस्टिंगवर लोक इन्स्टॉल करताना मूडलडेटा पब्लिक एचटीएमएलच्या आतच करतात कारण तेवढीच जागा दिसते. मूडल ५.१ पासून कोडमधेच पब्लिक नावाचा वेगळा फोल्डर आलाय, वेब सर्व्हरचा रूट तिकडे द्यायचा आणि मूडलडेटा त्याच्याही बाहेर. जुन्या व्हर्जनवरून अपग्रेड करताना रूट बदलायचं राहिलं नाही ना, ते बघा.

जागा हलवल्यावर परवानग्या: डेटा फोल्डरमधे वेब सर्व्हरच्या युजरला लिहिता आलं पाहिजे, कोडच्या फोल्डरमधे अजिबात नाही. अपलोड चालत नाही म्हणून सगळ्यालाच ७७७ (कोणालाही वाचायची, लिहायची, चालवायची परवानगी) देऊन टाकणं हा उपाय फोरमवर अजून सुचवला जातो, कृपा करून नको.

तपासा: टेस्ट साइटवर एक फाइल चढवा, ती डिस्कवर कुठे गेली ते शोधा, आणि ब्राउझरमधून थेट त्या पत्त्यावर जाऊन बघा. कुठल्याही मार्गाने उघडली तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. मूडलमधे रिपोर्ट्सखाली सिक्युरिटी चेक्स आहे, डेटारूट उघडा असेल तर तिथे इशारा दिसतो.

## २. त्या जागेत काहीही चालणार नाही असं करा

जागा बाहेर नेता येत नसेल, किंवा नेली तरी कॅश, थीमची चित्रं असले लिहिता येणारे फोल्डर आत राहिलेच असतील, तर तिथे पीएचपी बंद करा. ही पायरी करताना चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, अपाचेवर पीएचपी कसं जोडलंय ते बघा. अ‍ॅडहँडलर या कॉन्फिगच्या ओळीने जोडलं असेल तर अपाचे नावातली सगळी एक्सटेंशनं विचारात घेतो, त्यामुळे फोटो डॉट पीएचपी डॉट जेपीजी या नावाची फाइलसुद्धा पीएचपी म्हणून चालू शकते. फाइल्समॅचने जोडा आणि नावाच्या शेवटी डॉट पीएचपी असेल तरच, असा नियम द्या.

दुसरं, एचटीअ‍ॅक्सेस, म्हणजे एका फोल्डरपुरते अपाचेचे नियम लिहायची फाइल. तुम्ही अपलोड्स फोल्डरमधे एचटीअ‍ॅक्सेस ठेवून पीएचपी बंद केलं, पण फाइलचं मूळ नाव तसंच ठेवणारा कोड असेल तर हल्लेखोर स्वतःची एचटीअ‍ॅक्सेस चढवून तुमचीच पुसून टाकतो. नियम मुख्य कॉन्फिगमधे लिहा आणि त्या फोल्डरला अलाउओव्हरराइड नन द्या, म्हणजे तिथली एचटीअ‍ॅक्सेस वाचलीच जाणार नाही. पीएचपी-एफपीएम (पीएचपी वेगळ्या सेवेतून चालवायची पद्धत) असेल तर डॉट युजर डॉट आयएनआय नावाच्या फाइलचंही हेच, आणि आयआयएसवर वेब डॉट कॉन्फिगचं.

तिसरं, एनजिनएक्स. इथे एचटीअ‍ॅक्सेस वाचलीच जात नाही, तरी लोक अपाचेची फाइल कॉपी करून निश्चिंत होतात. शिवाय पाथइन्फोची जुनी भानगड आहे: चित्राच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन काहीतरी डॉट पीएचपी जोडलं की चुकीच्या कॉन्फिगमधे ते चित्रच पीएचपीकडे चालवायला जातं. पीएचपीकडे पाठवायच्या आधी ती फाइल खरंच डिस्कवर आहे का ते ट्रायफाइल्सने तपासा, पीएचपीत फिक्सपाथइन्फो शून्य करा, आणि पीएचपी-एफपीएमच्या लिमिट एक्सटेंशन्समधे फक्त डॉट पीएचपी राहू द्या.

चौथं, पीएचटीएमएल, पीएचएआर, पीएचपी५ ही पीएचपीच्याच एक्सटेंशनची भावंडं. नियम फक्त डॉट पीएचपीवर लिहिला आणि सर्व्हर यातलं एखादं चालवत असला तर सगळं मुसळ केरात.

तपासा: सात गुणिले सात छापणारी एका ओळीची पीएचपी फाइल हातानेच त्या फोल्डरमधे ठेवा आणि ब्राउझरमधून मागा. ४९ दिसलं तर पीएचपी चालू आहे. कोड जसाच्या तसा दिसला तर चालत नाही पण वाचता येतंय, तेही नकोच. नकार मिळाला पाहिजे. मग वरच्या प्रत्येक भावंडाचं नाव देऊन परत बघा आणि झालं की सगळ्या पुसा.

## ३. कोण पाठवतंय, हे फाइल घेणाऱ्या स्क्रिप्टमधेच विचारा

फॉर्मच्या पानावर लॉगिन लागतं म्हणजे अपलोडलाही लागतं, असं नाही. फॉर्म ज्या स्क्रिप्टकडे फाइल पाठवतो ती स्क्रिप्ट कोणीही थेट बोलावू शकतो, फॉर्म न बघताच.

चामिलोचं २०२३ चं प्रकरण याचा धडा आहे, सुरक्षेतल्या भेगांच्या जाहीर यादीतला त्याचा नंबर सीव्हीई-२०२३-४२२०. मोठ्या फाइली तुकड्यांनी चढवायला बिगअपलोड नावाची एक जावास्क्रिप्टची सोय होती, तिची पीएचपी स्क्रिप्ट लायब्ररीच्या फोल्डरमधे खोल कुठेतरी पडलेली. १.११.२४ पर्यंतच्या व्हर्जनमधे तिला लॉगिन लागत नव्हतं, फाइलच्या प्रकाराची तपासणी नव्हती, आणि फाइल जायची ती वेब रूटच्या आत. म्हणजे वरची पहिली, दुसरी आणि ही तिसरी पायरी एकाच ठिकाणी चुकलेली, त्यामुळे बाहेरचा कोणीही वेब शेल चढवून सर्व्हर ताब्यात घेऊ शकत होता. यात एलएमएसच्या मुख्य फॉर्मांचा काही संबंध नव्हता, दार जोडीला आलेल्या लायब्ररीचं होतं. तुमच्या शीटमधे एडिटर आणि अपलोडर लायब्रऱ्यांसोबत आलेल्या सॅम्पल स्क्रिप्ट आहेत का? नसतील तर आत्ता कोडमधे मूव्हअपलोडेडफाइल आणि फाइलपुटकंटेंट्स ही फाइल लिहिणारी पीएचपी फंक्शन्स शोधा आणि जे सापडेल ते शीटमधे टाका.

स्क्रिप्टमधे तीन प्रश्न: लॉगिन आहे का, या कोर्समधे याला हे करायची परवानगी आहे का, आणि सीएसआरएफचं टोकन (रिक्वेस्ट आपल्याच फॉर्ममधून आली याची खूण) बरोबर आहे का, ज्याला मूडलमधे सेसकी म्हणतात. मधला प्रश्न घरच्या कोडमधे हमखास विसरला जातो, मग एफवायचा विद्यार्थी पत्त्यातला नंबर बदलून टीवायच्या असाइनमेंटमधे फाइल टाकतो.

तपासा: लॉगआउट करा आणि कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) थेट त्या स्क्रिप्टला फाइल पाठवा. मग विद्यार्थी म्हणून लॉगिन करून शिक्षकाच्या अपलोडला पाठवा. दोन्हीकडे नकार हवा, आणि डिस्कवर फाइल आली नाही हेही बघा, कारण काही कोड आधी सेव्ह करतात आणि मग एरर दाखवतात.

## ४. नाव तुम्ही द्या, एक्सटेंशन यादीतलंच घ्या

इथून पुढे फाइल ओळखायचं काम सुरू. बहुतेक लोक सुरुवात इथूनच करतात, तीही जावास्क्रिप्टने. ब्राउझरमधली तपासणी विद्यार्थ्याच्या सोयीसाठी असते, चुकून एमपी४ निवडला तर लगेच कळावं म्हणून. सुरक्षा म्हणून तिची किंमत शून्य.

सर्व्हरवर असं करा:

मूळ नावातलं शेवटचं एक्सटेंशन काढा, लहान लिपीत करा, आणि परवानगीच्या यादीत आहे का बघा. बंदी असलेल्यांची यादी करू नका, ती कधीच पूर्ण होत नाही. यादी दारागणिक वेगळी ठेवा, प्रोफाइल फोटोला डॉकएक्स कशाला हवं?

मूळ नाव डेटाबेसमधे दाखवण्यापुरतं ठेवा आणि डिस्कवर रँडम नाव द्या. एवढ्या एका गोष्टीने दोन ठिपके आणि स्लॅश देऊन दुसऱ्या फोल्डरमधे घुसणं, दुसऱ्याची फाइल पुसून टाकणं, विंडोजवर नावाच्या शेवटी ठिपका किंवा स्पेस देऊन तपासणी चुकवणं, हे सगळे प्रकार एका झटक्यात संपतात. शिवाय "प्रॅक्टिकल फायनल फायनल" अशा मराठी नावांच्या फाइलींनी होणारी एन्कोडिंगची कटकटही जाते.

रँडम म्हणजे पीएचपीच्या रँडमबाइट्स फंक्शनने काढलेलं. वेळेचा आकडा आणि रोल नंबर जोडून केलेलं नाव अंदाजाने काढता येतं.

सावधान: मूळ नाव पानावर दाखवताना एस्केप करा, म्हणजे त्यातले टॅग नुसता मजकूर म्हणून दिसतील. फाइलच्या नावातच स्क्रिप्ट टॅग घालून शिक्षकाच्या पानावर ती चालवणं हा फार जुना उद्योग आहे.

## ५. आत खरंच काय आहे ते बघा

पीएचपीच्या फाइल्स अ‍ॅरेमधे जो टाइप येतो तो पाठवणाऱ्याने सांगितलेला असतो, पार्सलवर "आत पुस्तकं आहेत" असं पाठवणाऱ्यानेच लिहावं तसा. त्यावर निर्णय घेऊ नका. पीएचपीचं फाइलइन्फो वापरून मजकुरावरून टाइप काढा आणि तो एक्सटेंशनशी जुळतो का बघा, न जुळल्यास परत पाठवा.

पण यावरही पूर्ण विसंबू नका. सुरुवातीचे बाइट जिफचे आणि पोटात पीएचपी, अशी फाइल बनवायला दोन मिनिटं लागतात आणि फाइलइन्फो तिला खुशाल जिफ म्हणतो. चित्राची लांबी-रुंदी वाचणारं गेटइमेजसाइझही फसतं. म्हणून तर पायरी दोन आधी होती.

चित्रांसाठी चांगला उपाय म्हणजे जीडी या पीएचपीच्या चित्रांच्या लायब्ररीने चित्र उघडून नव्याने सेव्ह करणं आणि मूळ फाइल फेकून देणं. आत लपवलेला बराच कचरा जातो आणि मोबाइलने काढलेल्या फोटोतलं लोकेशनही जातं, जे विद्यार्थ्यांच्या घरचं असू शकतं. मात्र उघडण्याआधी लांबी-रुंदी तपासा: २०,००० बाय २०,००० पिक्सेलचं एकरंगी पीएनजी डिस्कवर छोटंसं असतं, पण मेमरीत दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर १.६ जीबी खातं. त्याऐवजी इमेजमॅजिक हे चित्रांचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या पॉलिसी फाइलमधे लागतात तेवढेच फॉरमॅट चालू ठेवा. २०१६ च्या इमेजट्रॅजिक या त्यातल्याच भेगेमधे नुसतं चित्र प्रोसेस करायला दिलं की सर्व्हरवर कमांड चालायची, ती भेग बुजवली असली तरी न लागणारे फॉरमॅट उघडे ठेवायचं कारण नाही.

एसव्हीजी हे चित्र दिसतं पण ती एक्सएमएल आहे आणि तिच्यात जावास्क्रिप्ट चालते. विद्यार्थ्यांकडून घेऊच नका. कोणी अडलंच तर पीएनजी करून पाठवायला सांगा.

डॉकएक्स, पीपीटीएक्स या मुळात झिप आहेत, त्यामुळे फाइलइन्फो कधीकधी नुसतं झिप म्हणतो आणि खऱ्या असाइनमेंट अडकतात. अशा वेळी वैतागून तपासणी काढून टाकू नका, झिप उघडून आत कंटेंट टाइप्सची एक्सएमएल आहे का तेवढं बघा. मॅक्रोवाल्या डॉकएम, एक्सएलएसएम यादीत नकोतच.

मूडलवाल्यांसाठी: असाइनमेंटच्या सेटिंगमधे अ‍ॅक्सेप्टेड फाइल टाइप्स असतं ते जरूर भरा, पण ते एक्सटेंशनवर अडवतं हे लक्षात असू द्या.

## ६. झिप, स्कॉर्म आणि कोर्स बॅकअप

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित. झिप सर्व्हरवर उघडायची नसेल, नुसती ठेवून डाउनलोडला द्यायची असेल, तर ही पायरी ओलांडा. उघडायची असेल तर:

- आतल्या प्रत्येक फाइलचं नाव तपासा. २०१८ मधे झिप स्लिप या नावाने गाजलेला प्रकार हाच: आतल्या नावात दोन ठिपके आणि स्लॅश, आणि तुमचा कोड ते नाव फोल्डरच्या पुढे जोडून लिहितो, मग फाइल वेब रूटमधे जाऊन पडते. जोडल्यावरचा पूर्ण पत्ता ठरलेल्या फोल्डरच्या आतच आहे का ते लिहिण्याआधी बघा. सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) सरळ नाकारा.
- उलगडल्यावरचा एकूण साइज मोजा, आणि हेडरमधे लिहिलेल्या आकड्यावर न विसंबता उलगडताना मोजत चला, मर्यादा ओलांडली की थांबा. नेहमीच्या झिपमधे डेटा हजारेक पट आकसू शकतो, म्हणजे १० एमबीची झिप १० जीबी होऊ शकते.
- आतल्या फाइलींनाही पायरी ४ आणि ५ चीच तपासणी. थेट पीएचपी घेत नाही आणि झिपमधून घेता, असं असेल तर उपयोग काय?

स्कॉर्मचं वेगळं आहे. ते पॅकेज म्हणजे मुद्दाम चालवायचीच एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट, ती तुमच्या साइटवर, उघडणाऱ्याच्या लॉगिनमधे चालते. ते स्वच्छ करता येत नाही. म्हणून ते कोण चढवू शकतं एवढंच हातात आहे. मूडलमधे शिक्षक या रोलवर विश्वास ठेवलेला असतो, अशा परवानग्यांपुढे एक्सएसएसच्या (दुसऱ्याच्या ब्राउझरमधे आपली स्क्रिप्ट चालवण्याच्या) धोक्याची खूण दिसते, ती बघून ठरवा. व्हिजिटिंग फॅकल्टीला सोय म्हणून मॅनेजर रोल देऊन टाकायची पद्धत माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी आहे. बाहेरून आलेली एमबीझेडही तशीच, आधी टेस्ट साइटवर रिस्टोअर करून बघा.

प्लगइनची झिप म्हणजे सरळ पीएचपी कोड, म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड गेला की सर्व्हर गेला. मूडलच्या कॉन्फिगमधे डिसेबल-अपडेट-ऑटोडिप्लॉय चालू केलं की वेबवरून प्लगइन टाकता येत नाही. तुम्हाला सर्व्हरवर जाऊन टाकावं लागेल, चालेल.

## ७. साइज

तीन ठिकाणचे आकडे जुळवा, नाहीतर सबमिशनच्या रात्री फोन वाजत राहतो. पीएचपीत अपलोड मॅक्स फाइलसाइझ मुळात २ एमबी आणि पोस्ट मॅक्स साइझ ८ एमबी असतं, एनजिनएक्समधे क्लायंट मॅक्स बॉडी साइझ १ एमबी. पोस्ट मॅक्स ओलांडलं की पीएचपीला पोस्ट आणि फाइल्स दोन्ही रिकामे मिळतात, मग सीएसआरएफ टोकनही नाही आणि विद्यार्थ्याला "सेशन संपलं" असा भलताच एरर येतो. वैतागून कोणीतरी टोकनची तपासणीच बंद करतं. तसं करू नका, आकडे नीट करा. दर विद्यार्थ्यामागे कोटा ठेवा आणि डेटाची डिस्क सिस्टिमच्या डिस्कपासून वेगळी असू द्या.

## ८. अँटीव्हायरस

क्लॅमएव्ही हा अँटीव्हायरस लावा, पण त्याचं काम एका विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हचा व्हायरस शिक्षकाच्या पीसीत जाऊ नये इतकंच समजा. कोणी स्वतः लिहिलेली वेब शेल त्याला दिसेलच असं नाही.

मूडलमधे लावल्यावर स्कॅनर बंद पडला तर काय करायचं हे सेटिंग बघा, तिथे "फाइल ठीक समजा" निवडलेलं असेल तर स्कॅनर महिनोन्महिने बंद असूनही कुणाला पत्ता लागत नाही. क्लॅमडीच्या (क्लॅमएव्हीच्या सतत चालणाऱ्या सेवेच्या) युजरला मूडलची टेम्प फाइल वाचता येत नाही, ही उबंटूवरची नेहमीची अडचण. आणि क्लॅमएव्हीची स्वतःची साइजची मर्यादा असते, त्यापलीकडची फाइल नीट तपासली जात नाही, तीही पायरी ७ च्या आकड्यांशी जुळवा.

तपासा: आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी टेस्ट फाइल असते, ती विद्यार्थ्याच्या लॉगिनने चढवा. अडली पाहिजे. मग क्लॅमडी बंद करून परत चढवा आणि काय होतं ते बघा.

## ९. फाइल परत देताना

फाइल सर्व्हरवर चालली नाही तरी शिक्षकाच्या ब्राउझरमधे चालू शकते. विद्यार्थ्याने एचटीएमएल फाइल टाकली, शिक्षकाने क्लिक केली आणि ती तुमच्याच डोमेनवर उघडली, तर तिच्यातली स्क्रिप्ट शिक्षकाच्या नावाने मार्क भरू शकते. मूडल असाइनमेंटच्या फाइली मुद्दाम डाउनलोडच करायला लावतं. "पीडीएफ तिथेच उघडली तर बरं" म्हणून कोडमधला तो भाग बदललेला असेल तर परत आणा.

घरच्या पोर्टलमधे फाइल देणाऱ्या स्क्रिप्टने आधी परवानगी विचारायची, मग उत्तराच्या हेडरमधे हे द्यायचं: कंटेंट-डिस्पोझिशनमधे अटॅचमेंट (म्हणजे डाउनलोडच होईल), एक्स-कंटेंट-टाइप-ऑप्शन्समधे नोस्निफ (म्हणजे ब्राउझर टाइपचा अंदाज लावणार नाही), आणि कंटेंट-टाइप आपल्या यादीतून. फाइली वेगळ्या डोमेनवरून देता आल्या तर उत्तमच. क्लाउडच्या बकेटमधे ठेवत असाल तर बकेट पब्लिक नको, थोड्या वेळाने संपणारी सही केलेली लिंक द्या.

तपासा: एका विद्यार्थ्याच्या फाइलची लिंक कॉपी करा आणि दुसऱ्याच्या लॉगिनमधे उघडा. मग लॉगआउट करून उघडा. अ‍ॅडमिशनच्या मार्कशीट अशाच, नंबर एकने वाढवत, बाहेर जातात.

## १०. आधीच काही घुसलंय का?

सगळं लावून झालं की जुने फोल्डर चाळा: चित्रांच्या आणि लिहिता येणाऱ्या फोल्डरमधे पीएचपीच्या फाइली शोधा, कोड गिटमधे असेल तर मूळ व्हर्जनशी फरक काढा, आणि अ‍ॅक्सेस लॉगमधे अपलोड्सखालच्या पत्त्यांवर आलेल्या पोस्ट रिक्वेस्ट बघा. तिथे पोस्ट यायचं काही कारण नसतं.

शेल सापडली तर लगेच डिलीट मारू नका. साइट बंद करा, डिस्कची आणि लॉगची कॉपी घ्या, मग आत कुठून आली ते शोधा. कोड नव्या स्वच्छ कॉपीतून टाका, सापडलेली एक फाइल काढून भागत नाही कारण तोवर दुसरीकडे दोन ठेवलेल्या असतात. क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदी, नवे अ‍ॅडमिन युजर बघा. कॉन्फिग फाइल वाचली गेली असं धरूनच डेटाबेस आणि मेलचे पासवर्ड बदला, सगळी सेशन काढून टाका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी संस्था यांनी असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात. तुमची संस्था त्यात येते का, हे आयटी विभाग आणि होस्टिंगवाल्याला आजच विचारून घ्या आणि लॉग सात दिवसांनी पुसणारं सेटिंग असेल तर ते आजच बदला.